कृष्णधवल इन्फ्रारेड रोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या बैठकीच्या खोलीत इन्फ्रारेड रोलवर काढलेला सिंहगडाचा एक फोटो लावलाय, त्यात झाडं पांढरीशुभ्र दिसतात. घरी येणारा प्रत्येक पाहुणा तो बघून आधी एकच विचारतो, "बर्फ कधी पडला होता?" त्यापुढचे प्रश्नही दर वेळी साधारण तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी व्यावसायिक फोटोग्राफर नाही. पुण्यात राहतो, न्हाणीघरात रोल धुतो आणि आजवर बरेच रोल वाया घालवले आहेत. खालची बरीचशी उत्तरं त्या वाया गेलेल्या रोलांची आहेत.

झाडं पांढरी का दिसतात?

आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. पानातलं हरितद्रव्य त्यातला निळा आणि लाल प्रकाश खाऊन टाकतं, हिरवा थोडाफार परत पाठवतं, म्हणून पान हिरवं. पण ७०० च्या पुढे, म्हणजे इन्फ्रारेडमध्ये, गेलं की हरितद्रव्याचा त्या प्रकाशाशी संबंधच संपतो. त्या प्रकाशाला ते काचेइतकं पारदर्शक असतं.

मग पान पारदर्शक न दिसता पांढरं का? खडीसाखरेचा खडा आरपार दिसतो, तोच कुटला की पांढरी पूड होते. साखर तीच, फक्त आता तिला हजारो कडा झाल्या आणि प्रत्येक कडेवर प्रकाश इकडेतिकडे उधळायला लागला. पानाच्या आत हेच चाललेलं असतं. पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्या सीमांवर इन्फ्रारेड प्रकाश उधळतो आणि त्यातला मोठा हिस्सा आल्या वाटेने बाहेर पडतो. फिल्मवर पान लख्ख पांढरं उमटतं.

याला इंग्रजीत 'वुड इफेक्ट' म्हणतात. त्यातला वुड म्हणजे लाकूडही नाही आणि जंगलही नाही. रॉबर्ट वुड नावाचे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले. हरितद्रव्य स्वतः चमकतं म्हणून पान उजळ दिसतं, असंही तुम्हाला कोणीतरी सांगेल. ती चमक असते, पण इतकी क्षीण की फोटोतल्या पांढऱ्याशी तिचा संबंध नाही.

म्हणजे हा उष्णतेचा फोटो का?

नाही. उष्णता दाखवणारे थर्मल कॅमेरे साधारण ८,००० ते १४,००० नॅनोमीटरवर चालतात. आपला रोल जेमतेम ८२० पर्यंत जातो. गॅसवरचा तापलेला तवा अंधारात या रोलवर उमटणार नाही. तो लाल होईपर्यंत तापवलात तर गोष्ट वेगळी. टीव्हीच्या रिमोटचा दिवासुद्धा यावर येत नाही, कारण तो बहुतेक ९४० च्या आसपास असतो. 'अवरक्त' हा आपला शब्द खरं तर नेमका आहे: लाल रंगाच्या पलीकडचं, पण लालला लागून असलेलं.

आणि आकाश काळं का?

आकाश निळं दिसतं ते हवेचे रेणू छोट्या तरंगलांबीचा प्रकाश जास्त उधळतात म्हणून. हे उधळणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताने कमी होत जातं. ४५० च्या निळ्याशी ७५० च्या इन्फ्रारेडची तुलना केली तर उधळण जवळजवळ आठपट कमी. त्यामुळे निरभ्र आकाशातून या रोलला फारसं काही येतच नाही. ढगातले थेंब मात्र मोठे असतात, ते सगळ्याच तरंगलांबी सारख्याच उधळतात. म्हणून काळ्या आकाशात ढग कापसासारखे उठून दिसतात.

सावल्या इतक्या गडद का, याचं उत्तरही इथेच आहे. एरवी सावलीत जो उजेड असतो तो आकाशाकडून आलेला असतो. आकाशच काळं, तर सावलीला कोण उजेड देणार?

दूरच्या डोंगरावरचा धूसरपणा कमी होतो हेही खरं, पण तो बारीक कणांचा असेल तरच. राजमाचीच्या दरीत भरलेलं दाट धुकं म्हणजे पाण्याचे थेंब, म्हणजे जमिनीवर उतरलेला ढगच. ते हा रोल कापू शकत नाही. माझे दोन रविवार या गैरसमजात गेले.

आज कुठले रोल मिळतात?

जुन्या लोकांच्या तोंडी अजून कोडॅकच्या एचआयई या इन्फ्रारेड रोलचं नाव असतं. तो साधारण ९०० नॅनोमीटरपर्यंत बघायचा, पूर्ण अंधारातच हाताळावा लागायचा आणि २००७ मध्ये बंद झाला. क्रोएशियातला एफके आयआर ८२० हा रोल त्यानंतरचा आधार होता, पण २०१२ मध्ये तो कारखानाच थांबला.

आज हाती येतात ते मुख्यतः दोन. रोलाय इन्फ्रारेड ४०० हा साधारण ८२० पर्यंत जातो. त्याचं मूळ बेल्जियमच्या आग्फा-गेव्हर्टच्या हवाई पाहणीच्या फिल्ममध्ये आहे. विमानातून खालची धूसर हवा कापून जमीन दिसावी म्हणून ती फिल्म लालच्या पलीकडे ताणलेली होती, आपण तिचा फायदा घेतो. दुसरा इल्फर्डचा एसएफएक्स २००, तो ७४० पर्यंतच जातो. इल्फर्ड स्वतःही त्याला पक्का इन्फ्रारेड म्हणत नाही, लालकडे वाढवलेला रोल म्हणते. रोलायचा रेट्रो ८०एस साधारण ७५० पर्यंत पोचतो आणि त्याचं बारीक दाणेदार टेक्स्चर मला आवडतं, पण तो सोशिक नाही, प्रकाशाचा अंदाज चुकला तर सांभाळून घेत नाही.

पहिल्यांदा घेत असाल तर रोलाय ४०० घ्या. का, ते पुढच्या प्रश्नात कळेल.

फिल्टर कोणता घ्यायचा? फिल्टरशिवाय चालत नाही का?

चालतो, पण मग तो साधा कृष्णधवल रोल होतो. या फिल्मला निळा, हिरवा, लाल सगळंच दिसतं, इन्फ्रारेड हे वरचं जास्तीचं. बाकी सगळं अडवायला फिल्टर लागतो.

ही गोष्ट खिडकीसारखी समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. खिडकीची डावी चौकट फिल्टर ठरवतो, उजवी चौकट रोल ठरवतो. होया कंपनीचा आर७२ हा डोळ्याला काळा दिसणारा फिल्टर साधारण ७२० पासून प्रकाश आत सोडतो. रोलाय ४०० साधारण ८२० ला थांबतो. म्हणजे खिडकी शंभर नॅनोमीटरची. तोच फिल्टर एसएफएक्सवर लावला तर खिडकी ७२० ते ७४०, म्हणजे फटच. त्या फटीतून फोटो येतो, पण एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा प्रकाश, खूप द्यावं लागतं आणि पानं तितकी पांढरी होत नाहीत.

आता माझी फजिती. ऑनलाइन ८५० नॅनोमीटरचा फिल्टर आर७२ च्या निम्म्या किमतीत दिसला. 'जितका गडद तितका परिणाम जास्त' असं मनात धरून मागवला. छत्तीसच्या छत्तीस फ्रेम हरिश्चंद्रगडावर काढल्या. रोल धुतला, रीलवरून सोडवला, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ पारदर्शक पट्टी. डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) मेला असेल असं वाटलं, पण कडेला छापलेले फ्रेम नंबर ठणठणीत काळे होते. डेव्हलपरचा दोष नव्हता. फिल्टर ८५० ला उघडत होता, रोल ८२० ला मिटत होता. खिडकीच नव्हती. ते ८३०, ८५० वाले फिल्टर डिजिटल कॅमेऱ्यांसाठी असतात. तो फिल्टर आता पेपरवेट आहे.

साधा लाल २५ नंबरचा फिल्टर घरात असेल तर तो लावूनही एकदा काढून बघा. आकाश बरंच गडद होतं, पानं थोडी उजळतात, व्ह्यूफाइंडरमधून दिसतंही. बर्फ मात्र पडत नाही.

आणि आर७२ डोळ्याला लावून सूर्याकडे कधीही बघू नका. काळा दिसतो म्हणून तो गॉगल नव्हे. अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि इन्फ्रारेड सरळ आत जातो.

एक्स्पोजर किती द्यायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि नेमकं याचंच पक्कं उत्तर कोणाकडे नाही. लाईट मीटर दिसणारा उजेड मोजतो. दिसणारा उजेड आणि इन्फ्रारेड यांचं प्रमाण दिवसभर बदलत राहतं. सकाळ-संध्याकाळच्या तांबूस उन्हात इन्फ्रारेडचा वाटा जास्त, ढगाळ दिवशी कमी. त्यामुळे मीटर खोटं बोलत नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तरही देत नाही.

सुरुवात कुठून करायची ते सांगतो. रोलाय ४०० आणि आर७२ ही जोडी साधारण पाच स्टॉप खाते (एक स्टॉप म्हणजे प्रकाश एकदा निम्मा होणं). म्हणजे हातातल्या मीटरवर, किंवा फिल्टर न लावलेल्या कॅमेऱ्यावर, आयएसओ (रोलची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ४०० ऐवजी १२ लावून मोजा. मीटर नसेल तर स्वच्छ उन्हात एफ/१६ ला (हा लेन्सच्या भोकाचा आकडा, आकडा मोठा तितकं भोक लहान) १/१५ सेकंद, किंवा तेच एफ/८ ला १/६०. मग तिथून एफ/८ वरच प्रकाश वाढवत तीन फ्रेम घ्या: १/६०, १/३०, १/१५. इन्फ्रारेडमध्ये कमी पडण्यापेक्षा थोडं जास्त झालेलं परवडतं. एसएफएक्ससाठी आयएसओ ६ पासून सुरू करा.

माझ्या वहीतल्या सिंहगडाच्या नोंदी जशाच्या तशा देतो ('पातळ' म्हणजे प्रकाश कमी पडलेली निगेटिव्ह):

ऑक्टोबर, सकाळी १०:४०. कल्याण दरवाजा, ऊन डावीकडून. एफ/११. फ्रेम ७: १/३०, पातळ. फ्रेम ८: १/१५, चांगली. फ्रेम ९: १/८, आकाश राखाडी झालं, पण बुरुजातले दगड सुटे दिसतात. प्रिंट ९ चीच केली.

ही वही नसती तर पुढच्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा शून्यापासून सुरुवात झाली असती. कॅमेरा कुठलाही चालेल, वही मात्र हवीच.

कॅमेऱ्यातला मीटर फिल्टर लावूनच वापरला तर?

नका वापरू. मीटरमधला सेन्सर स्वतःच इन्फ्रारेडला कमीजास्त संवेदनशील असतो, प्रत्येक कॅमेऱ्यात वेगळा. आकडा दिसेल, पण तो कशाचा आकडा आहे हे कोणालाच माहीत नसतं.

फोकस बदलावा लागतो म्हणतात, ते कसं?

इन्फ्रारेड प्रकाश भिंगातून जरा मागे जाऊन एकवटतो. जुन्या लेन्सवर अंतराच्या आकड्यांजवळ एक लाल ठिपका किंवा बारीक लाल रेघ असते, ती यासाठीच. आधी डोळ्याने फोकस करा, मग जे अंतर मधल्या रेघेवर आलं ते त्या लाल ठिपक्यावर सरकवा.

खरं सांगायचं तर ते ठिपके जास्त दूरच्या इन्फ्रारेडसाठी आखलेले असतात. आपण ७५० च्या आसपास असतो, तेव्हा फरक त्याहून कमी. २८ किंवा ३५ मिलिमीटरची लेन्स एफ/११ ला असेल तर मी ठिपक्याकडे बघतही नाही. १३५ ने माणूस टिपायचा असेल तर बघा.

कॅमेरा कुठला चालतो?

जवळपास कुठलाही, जुना यांत्रिक असेल तर उत्तमच. काही ऑटोमॅटिक कॅमेरे, कॅनन ईओएसपैकी बरेच, फिल्मची भोकं मोजायला आत एक इन्फ्रारेड दिवा वापरतात. एचआयईच्या काळात त्याने फिल्मची कड काळवंडायची. आजचे रोल त्या दिव्याच्या तरंगलांबीपर्यंत सहसा पोचत नाहीत, म्हणून भीती कमी आहे. शंका असेल तर एक रोल खर्चून बघा आणि कडा तपासा.

एसएलआरची, म्हणजे लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्याची, खरी अडचण वेगळी आहे. आर७२ लावला की व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट. म्हणजे ट्रायपॉड, चौकट, फोकस, मग फिल्टर आटे फिरवून लावा, फ्रेम घ्या, फिल्टर काढा, पुन्हा तेच. चौथ्या वेळेला फिल्टर हातातून निसटतोच. यात सुख आहे ते यशिका मॅटसारख्या दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्याला. फिल्टर खालच्या लेन्सवर, आपण बघतो वरच्या लेन्समधून. मी १२० चे (रुंद) रोल बहुतेक त्याच्यावरच घालतो. त्याच्या लेन्सच्या खाचेवर (बायोनेटवर) बसणारा फिल्टरचा अडॅप्टर शोधावा लागतो, एवढंच.

रोल भरायला पूर्ण अंधार लागतो का?

एचआयईला लागायचा. आजच्या रोलांना लागत नाही, पण भर उन्हातही नको. रोलायच्या फिल्मचा पाया पॉलिएस्टरचा असतो आणि तो प्रकाश नळीतून पाणी न्यावं तसा आत नेतो. कॅसेटबाहेर जी जीभ असते तिच्यातून ऊन शिरतं आणि आतले पहिले काही वेढे धुरकटतात. मी हे तोरण्याच्या बिनी दरवाजात उभा राहून शिकलो. सावली दोन पावलांवर होती. पहिल्या पाच फ्रेमवर तिरका राखाडी पडदा आला, सहावी स्वच्छ.

घरात पडदे ओढून भरा. बाहेर असाल तर जाकिटाखाली, गाडीच्या सीटखाली, कुठेही. काळी डबी टाकू नका. काढलेला रोल लगेच परत तिच्यातच जाऊ द्या.

आपल्याकडे कधी आणि कुठे काढावेत?

हा माझा आवडता प्रश्न. पाऊस संपल्यावरचे पाच-सहा आठवडे, म्हणजे घटस्थापनेपासून दिवाळीच्या पुढेमागे. हवा धुतलेली असते, आकाशाचा निळा खरा असतो, दुपारी पांढरे ढग उठतात आणि डोंगर अजून हिरवे असतात. इन्फ्रारेडला लागणाऱ्या चारही गोष्टी एकाच वेळी. त्यात सह्याद्रीचा दगड बेसाल्ट, काळा. पांढऱ्या गवतातून वर आलेला काळा कडा आणि वर काळं आकाश, हे दृश्य आपल्याकडे तयारच आहे.

जून-जुलैमध्ये डोंगर सगळ्यात हिरवे असतात, पण वर ढगांचं झाकण. फोटो येतात, पण मळकट. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की मात्र बॅग भरून ठेवा. अर्धा डोंगर उन्हात आणि अर्धा सावलीत असताना उन्हातला भाग दिवा लावल्यासारखा पेटतो. त्याच दिवसांत जुन्या देवळांवर शेवाळ चढलेलं असतं. शेवाळातही हरितद्रव्यच, त्यामुळे काळ्या पाषाणाचं देऊळ चुना फासल्यासारखं दिसतं. पहिल्यांदा निगेटिव्ह पाहिलं तेव्हा वाटलं, कोणीतरी खरंच रंग दिला होता आणि माझं लक्ष नव्हतं.

मे महिन्यात गवत वाळलेलं, आकाश पांढुरकं. वाळलं गवत डोळ्यालाही उजळच दिसतं, म्हणजे फोटोत नवल असं काही उरत नाही. मेमध्ये मी रोल फ्रिजमध्ये ठेवतो.

कोकणात बारा महिने काही ना काही मिळतं. माडाच्या झावळ्या पांढऱ्या, खाडीचं पाणी काळं, कारण पाणी इन्फ्रारेड शोषून घेतं. जांभा दगड बेसाल्टच्या उलट वागतो, त्याचा तांबडा रंग इथे उजळतो. जांभ्याचं कुंपण आणि मागची आमराई यात फरक उरत नाही, चौकट लावताना हे ध्यानात ठेवा.

कासला फुलांच्या दिवसांत हा रोल नेऊ नका. जांभळं, पिवळं, पांढरं, हिरवं, सगळं एकाच पांढऱ्यात जातं. फुलांचे रंगही हरितद्रव्यासारखेच या प्रकाशाला अडवत नाहीत. दसऱ्याला आमच्या दारावरचं झेंडूचं तोरण टिपलं होतं: झेंडू पांढरा, आंब्याची पानं पांढरी, जणू कागदाचं कापून लावलंय.

वेळ? भर दुपारची. एरवी टाळतो तेच डोक्यावरचं ऊन इथे कामाला येतं. पुण्यातल्यांना लांब जायचीही गरज नाही. वेताळ टेकडीवर ग्लिरिसिडियाच्या गर्दीत सकाळी अकराला अर्धा रोल संपतो.

माणसांचे फोटो कसे येतात?

विचित्र. कातडी दुधासारखी होते, कारण इन्फ्रारेड तिच्यात थोडा आत शिरून पसरून बाहेर येतो. मुरमं, डाग, सगळं पुसलं जातं. ओठ फिकट पडतात, डोळे खोल काळे होतात, मनगटावरच्या शिरा कधीकधी उठून दिसतात. गुळगुळीत दाढी केलेल्या माणसाच्या कातडीखालचे खुंटही दिसू शकतात.

संक्रांतीला आत्याचा फोटो या रोलवर काढला. तिने हौसेने नवी काळी साडी नेसली होती. प्रिंट हातात घेऊन ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, ही साडी माझी नव्हे." साडी फिकट राखाडी आली होती. कापडाचे बरेच काळे रंग इन्फ्रारेडला अडवत नाहीत, त्यामुळे खालचा धागा दिसतो. कपाळावरचं कुंकूही गायब झालं होतं. काजळ मात्र जागच्या जागी, कारण घरी धरलेलं काजळ म्हणजे शुद्ध काजळी, आणि कार्बन इथेही काळाच. आत्याला तो फोटो अजून पटलेला नाही.

घरात, रात्री चालेल का?

दिवा कुठला आहे त्यावर आहे. जुना पिवळा बल्ब इन्फ्रारेड भरपूर सोडतो, चुलीचा जाळही. ट्यूबलाइट आणि एलईडी जवळजवळ काहीच सोडत नाहीत. फ्लॅशमध्ये इन्फ्रारेड असतो. फिल्टर लेन्सऐवजी फ्लॅशवर लावला तरी चालतं.

रोल धुवायचा कसा? वेगळी रसायनं लागतात का?

वेगळं काही लागत नाही. डी-७६, रोडिनल, एचसी-११०, जो डेव्हलपर वापरता तोच. वेळ रोलच्या कंपनीच्या तक्त्यातूनच घ्या, कोणाच्या आठवणीतून घेऊ नका, माझ्याही नाही. डार्करूममधला लाल दिवा इथे अजिबात नको, हा रोल लाल तर बघतोच. पूर्ण अंधारात किंवा चेंजिंग बॅगमध्ये रीलवर चढवा. प्लास्टिकची नेहमीची टँक चालते.

आपल्याकडे खरा प्रश्न तापमानाचा. तक्ते २० अंशांसाठी असतात आणि मेमध्ये नळाचं पाणी तिशीजवळ. मी बादलीत बर्फाचं पाणी करतो, त्यात बाटल्या उभ्या ठेवतो. वीस जमलं नाही तर चोवीसवर धुतो आणि दर अंशामागे साधारण दहा टक्के वेळ कमी करतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचं पाणी यांच्यात फार फरक नको, नाहीतर जिलेटिनला बारीक सुरकुत्या पडतात.

पाणीकपातीच्या दिवसांत नळाखाली अर्धा तास रोल धरायची गरज नाही. टँक भरा, पाच वेळा उलटी-सुलटी करा, पाणी बदला. मग दहा वेळा, पुन्हा बदला. मग वीस वेळा. इल्फर्डची हीच पद्धत आहे, तीन टँक पाण्यात काम होतं. बोअरचं पाणी असेल तर शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड पाण्यात करा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते चालतं.

लॅबला देणार असाल तर पाकिटावर ठळक लिहा: कृष्णधवल, कलरच्या मशीनमध्ये घालू नये. कलर प्रक्रियेतलं ब्लीच चांदी काढून नेतं आणि या रोलमध्ये चांदीशिवाय चित्र नसतंच. एका लॅबने माझा रोल असाच कोरा करून दिला होता, वर धुण्याचे पैसेही घेतले.

त्या जुन्या फोटोंतली धुंद चमक माझ्या फोटोत का नाही?

ती चमक इन्फ्रारेडची नव्हती, एचआयईची होती. बहुतेक फिल्मना एक थर असतो जो आरपार गेलेला प्रकाश परत फिरू देत नाही. एचआयईला तो नव्हता. प्रकाश पाठीमागच्या पट्टीवर आपटून परत फिल्ममध्ये यायचा आणि उजळ भागांभोवती वलय उमटायचं. आजच्या रोलांना तो थर असतो. चमक हवीच असेल तर प्रिंट करताना एन्लार्जरच्या (निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या) लेन्सखाली काही सेकंद बारीक जाळीचं कापड धरा, पण तिथे काळा रंग पसरतो, पांढरा नाही. कॅमेऱ्यावरच सॉफ्ट फिल्टर लावणं बरं. मला स्वतःला ही चमक नसलेलीच बरी वाटते. दगड दगडासारखा दिसतो.

स्कॅनरवर धूळ काढणारं बटण का चालत नाही?

स्कॅनर धूळ शोधायला इन्फ्रारेडच वापरतो. रंगीत फिल्मचे रंग त्याला पारदर्शक असतात, फक्त धूळ अडवते. कृष्णधवल फिल्ममधली चांदीही अडवते, म्हणून स्कॅनरला अख्खं चित्रच धूळ वाटतं. बटण बंद ठेवा आणि ब्लोअर वापरा.

याचा काही खरा उपयोग आहे, की नुसती हौस?

माझ्यासाठी हौस. पण दुसऱ्या महायुद्धात हिरवा रंग फासून लपवलेल्या तोफा या फिल्मने उघड्या पाडल्या, कारण रंग काळा आणि आजूबाजूची पानं पांढरी. जुन्या कागदपत्रांतली पुसट किंवा खोडलेली शाई वाचायला, चित्राच्या रंगाखालचं रेखाटन बघायला इन्फ्रारेड वापरतात. आपल्या देशातली गोष्ट सांगायची तर १९७० मध्ये केरळात माडांवरच्या रोगाची पाहणी हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फिल्मवर झाली. ती फिल्म रंगीत होती, पण तत्त्व हेच: आजारी पान इन्फ्रारेड कमी परतवतं. त्यामागे होते पी. आर. पिशारोटी, जे त्याआधी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक होते. भारतातल्या दूरसंवेदनाची (रिमोट सेन्सिंगची) सुरुवात याच प्रयोगापासून मोजतात. पुढे आपले उपग्रह पिकांची पाहणी करायला लागले तेही याच प्रकाशात.

डिजिटल कॅमेऱ्यातच इन्फ्रारेडसाठी बदल करून घेतला तर सोपं नाही का?

सोपं आहे. सेन्सर मुळात १,००० च्या पुढेही बघतो, त्यावरची इन्फ्रारेड अडवणारी काच काढली की झालं. फोटो लगेच दिसतो, वही लागत नाही. ज्याला फोटो हवेत त्याने तेच करावं.

रोल कुठे ठेवायचा? विमानात नेता येतो का?

फ्रिजमध्ये, घट्ट डबीत. वापरायच्या आधी दोन-तीन तास बाहेर काढून ठेवा आणि तोवर डबी उघडू नका, नाहीतर फिल्मवर दव धरतं. विमानतळावर रोल पारदर्शक पिशवीत हातात ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. नव्या सीटी स्कॅनरमधून जाऊ देऊ नका आणि चेक-इनच्या सामानात तर मुळीच ठेवू नका.

एका रोलमधून किती फोटो हाती लागतात?

छत्तीसपैकी तीन-तीनचे गट केले की दृश्यं बाराच उरतात. त्यातली दोन-चार चौकटीत चुकतात, एकदा फिल्टर लावायचाच राहतो, एकदा ढग सूर्यावर येतो. गेल्या रोलमधून चार प्रिंट निघाल्या. त्यातली एक कल्याण दरवाजाची, फ्रेम ९, जी भिंतीवर आहे. बाकीच्या तीन आत्याला दाखवलेल्या नाहीत.